प्रौढांच्या वेळेत पोहणारं अस्वल

एका जंगलात एक डोह होता आणि त्या डोहाला वेळापत्रक होतं.

हसू नका, मुलांनो. डोह एक आणि पोहणारे फार झाले की वेळापत्रक येतंच. पहाटे हरणं पाण्यावर यायची. मग गवे डुंबायचे. ऊन जरा वर आलं की पाणमांजरांच्या पोरांचा वर्ग. ही पोरं जन्मल्या जन्मल्या पोहतात, त्यांना वर्ग कशाला, असं तुम्ही विचाराल. वर्ग पोरांसाठी नव्हताच. त्यांच्या आयांना दिवसात तेवढाच निवांतपणा मिळायचा. तिसऱ्या प्रहरी हत्तींचं कुटुंब. आणि उरलेला सगळा वेळ मगरबाईंचा.

मगरबाई डोहाच्या व्यवस्थापक होत्या. त्यांना कोणी नेमलं, हे विचारायला एकदा एक कोल्हा गेला होता. त्याला काय उत्तर मिळालं ते कळलं नाही, कारण कोल्हा सांगायला परत आला नाही.

मग मोठ्या वयात पोहायला शिकणाऱ्यांनी पोहायचं कधी?

तर भर दुपारी मगरबाई काठावरच्या काळ्या खडकावर ऊन खात झोपायच्या. खडकाशेजारी जांभळाचं झाड होतं. त्याची सावली सरकत सरकत मगरबाईंच्या शेपटीला लागली, की शेपटी गार पडायची आणि बाई जाग्या व्हायच्या. डोळा लागल्यापासून शेपटी गार पडेपर्यंत जो काय वेळ मिळेल, ती प्रौढांची वेळ.

"वेळ संपल्यावर पाण्यात जो सापडेल, त्याची जबाबदारी माझी," असं मगरबाई म्हणायच्या. "नियम म्हणजे नियम."

अशी जबाबदारी त्यांनी आजवर एकदाही टाळली नव्हती.

या प्रौढांत एक अस्वल होतं. धोंडोपंत त्याचं नाव. वय झालं होतं, पण अंगावर इतके केस असले की त्यातले पिकलेले कोणते ते चटकन दिसत नाही, म्हणून धोंडोपंत अजून मध्यमवयीन म्हणून खपून जायचे.

धोंडोपंतांची लेक इंदू डोहापलीकडच्या गुहेत दिली होती. डोहाच्या दोन्ही अंगांना उभे कडे. पण पूर्वी डोहावर सागाचा एक जुना ओंडका आडवा पडलेला होता. त्याच्यावरून लेक माहेरी यायची. जावई मध मागायला यायचा. इंदूचे दिवस भरत आले, तेव्हा तिला एवढी वाट झेपेना. आता पहिलं बाळंतपण तर माहेरीच करायची रीत. म्हणून माहेरच सासरी गेलं. म्हणजे धोंडोपंतांची बायको डिंक, सुंठ असं काय काय घेऊन ओंडक्यावरून पलीकडे गेली.

दुसऱ्याच दिवशी हत्तींच्या कुटुंबाला हौस आली. ओंडक्यावर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं आणि खालच्या पाण्यात आपलं प्रतिबिंब पाहायचं.

हत्तीण आजी म्हणाली, "कडेचे दिसत नाहीयेत गं. सगळे जरा मधे सरका."

सगळे मधे सरकले.

ओंडका गेला. हत्ती पोहत बाहेर आले. पण लेक पलीकडे, बायको पलीकडे, आदल्या रात्रीच जन्मलेलं नातवंड पलीकडे आणि धोंडोपंत अलीकडे, असं झालं.

रोज संध्याकाळी बायको पलीकडच्या काठावर येऊन ओरडायची.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो!"

"काय जेवलात?"

"मुंग्या!"

"परत मुंग्याच? पित्त होईल! आणि ऐका, पुनवेला दुपारी बारसं धरलंय! विहीणबाई विचारत होत्या, की आजोबा येणार, का काठावरूनच टाळ्या वाजवणार?"

वारुळातल्या सगळ्या मुंग्या मिळून चावल्या नसत्या इतका हा प्रश्न धोंडोपंतांना चावला.

"येणार म्हणावं!" ते ओरडले. "मध घेऊन येणार!"

आता धोंडोपंतांना पोहता येत नव्हतं, असं नाही. त्यांना कमळांपर्यंत पोहता यायचं. कमळं काठापासून हाकेच्या अंतरावर. तिथे पोचेपर्यंत त्यांच्या नाकातोंडात पाणी जायचं आणि ते माघारी फिरायचे. त्यांचं पोहणं म्हणजे पाण्याशी मारामारी होती. पुढचे पाय पाण्याच्या थोबाडीत मारायचे, मागचे पाय तळ शोधत जायचे आणि मान आभाळाकडे. काठावरच्या बगळ्यांना वाटायचं, कोणीतरी बुडतंय. पण ते उठायचे नाहीत, कारण रोजचंच होतं.

म्हणून धोंडोपंत प्रौढ जलतरण मंडळात दाखल झाले.

मंडळाचे अध्यक्ष होते विश्वंभरराव वानर. त्यांना पोहता येत नव्हतं, पण पोहण्यातलं सगळं कळत होतं. पाण्यावर झुकलेल्या करंजाच्या फांदीवर ते शेपूट सोडून बसायचे आणि शिकवायचे. कार्यवाह होते सदूभाऊ साळिंदर. काटे भिजतात म्हणून तेही पाण्यात उतरायचे नाहीत, पण पोहण्याच्या कार्यावर त्यांची निष्ठा होती. बाकी सभासद म्हणजे काही ससे, काही भेकरं आणि एक तरस, जे हसायलाच यायचं.

पहिल्या दिवशी मगरबाईंचा डोळा लागला आणि धोंडोपंत धावत पाण्याकडे निघाले.

"थांबा, थांबा!" फांदीवरून आवाज आला. "धोंडोपंत, आपल्याकडे वेळ किती आहे?"

"थोडाच आहे. म्हणून तर उतरतोय."

"हीच चूक!" विश्वंभरराव म्हणाले. "वेळ भरपूर असेल तर माणूस कसाही वापरू शकतो. वेळ थोडा असला की तो विचार करून वापरावा लागतो. आधी विचार, मग पाणी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे कोणालाही पटण्यासारखंच होतं.

मग प्रार्थना झाली. मग सदूभाऊंनी हजेरी घेतली. मग अंग मोकळं करण्याचे व्यायाम. मग 'उपलब्ध वेळेचा सुयोग्य वापर' या विषयावर विश्वंभररावांचं भाषण. भाषण संपलं तेव्हा जांभळाची सावली मगरबाईंच्या शेपटीपासून वीतभर लांब होती.

"चला, आता पाण्यात!" विश्वंभरराव म्हणाले.

सगळे धावत गेले, पाय बुडवले आणि धावत परत आले.

"आज छान झालं, नाही?" एक ससा पाय झटकत म्हणाला.

"पाणी कसं अंगात मुरलं पाहिजे," दुसरा म्हणाला.

धोंडोपंत घरी गेले आणि मुंग्या खाऊन झोपले.

असं बरेच दिवस चाललं. चंद्र वाढायला लागला. पलीकडून रोज हाक यायची, "अहो, कुठवर आलं?" आणि धोंडोपंत उत्तर द्यायचे, "विचार पूर्ण झालाय! पाणी राहिलंय!"

शेवटी एक दिवस त्यांनी लबाडी केली. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा ते हळूच पाण्यात शिरले.

'जलदेवते, तार आम्हां' हे सगळ्यांनी म्हणून डोळे उघडले, तर धोंडोपंत कमळांच्या वाटेवर.

विश्वंभरराव काही आकसाने वागणारे नव्हते. शिष्य पाण्यात आहे म्हटल्यावर ते शिकवायला लागले.

"मान वर! वर! अजून वर! धोंडोपंत, कोपर! कोपर कुठंय? पाय मारा! इतके नको! पोट आत घ्या! आत म्हणजे आत, खाली नव्हे! चेहरा हसरा ठेवा!"

धोंडोपंत मान वर करत होते, कोपर शोधत होते, पोट आत घेत होते. कमळांपाशी येईस्तोवर त्यांना इतका वैताग आला, की त्यांनी काय करावं? सरळ डोकं पाण्याखाली घातलं.

आणि काय सांगू, मुलांनो! शांत. एकदम शांत. कान पाण्याखाली गेल्यावर ना कोपर ऐकू आलं, ना पोट. नुसतं हिरवं पाणी आणि एक मासा, जो काहीच सुचवत नव्हता.

अजून एक गंमत झाली. डोकं खाली गेल्याबरोबर त्यांचा मागचा भाग आपोआप वर आला. इतके दिवस तळ शोधणारे पाय पाण्यावर तरंगायला लागले. तराजूचं एक पारडं खाली केलं की दुसरं वर येतं, तसं. धोंडोपंतांना नवल वाटलं. श्वास संपला म्हणून त्यांनी तोंड बाहेर काढलं.

"...असं काय प्रेतासारखं पडायचं असतं का?" विश्वंभरराव ओरडत होते.

धोंडोपंतांना याच्यावर एक खणखणीत उत्तर सुचलं. पण अध्यक्षांना उलटून कसं बोलायचं? म्हणून त्यांनी डोकं परत पाण्याखाली घातलं आणि जे बोलायचं होतं ते पाण्याला बोलून टाकलं. बुडबुडे आले. शब्द काय होते ते माशाने ऐकले. तो लगेच तिथून गेला, कारण त्याच्याबरोबर त्याची पोरं होती.

पण शिवी देऊन झाल्यावर छाती रिकामी झाली. तोंड बाहेर काढलं, तर श्वास न मागता आपणहून आत आला. इतके दिवस धोंडोपंत छाती फुगवून, श्वास कोंडून पोहत होते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतायला जावं, तसं चाललं होतं.

मग काय! डोकं खाली, एक शिवी, डोकं बाहेर, एक श्वास. डोकं खाली, शिवी, डोकं बाहेर, श्वास. कमळं कधी मागे पडली ते कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून धोंडोपंत रोज प्रार्थनेच्या वेळी निसटायचे. वेळ थोडा, म्हणून ते एका दिवशी एकच गोष्ट हातात घ्यायचे. आज नुसता श्वास. आज नुसता डावा पंजा. आज पाण्याला मारायचं नाही, नुसतं मागे सारायचं. पाण्याची वेळ नसेल तेव्हा ते गुहेसमोरच्या सपाट दगडावर पालथे पडून हात मारायचे. ते पाहून तरस इतकं हसलं, की त्याला उचकी लागली.

एक दिवस सदूभाऊ साळिंदर गुहेशी आले.

"धोंडोपंत, बोलू का? राग मानू नका. तुमच्याबद्दल तक्रार आलीय."

"काय केलं मी?"

"तुम्ही कमळांच्या पुढे गेलात म्हणे."

"गेलो."

"पाहा ना. ससेमंडळी अजून पाय बुडवतायत. त्यांना काय वाटत असेल?"

"त्यांनाही सांगा ना, उतरा म्हणावं."

"अहो, असं एकेकानं उतरून कसं चालेल?" सदूभाऊ कळवळून म्हणाले. "प्रगती करायला आमची काही हरकत नाही. पण सगळ्यांनी मिळून एकदम करू. म्हणजे कोणी मागे राहणार नाही."

"कधी करू?"

"तो विषय पुढच्या सभेत घेतलाय."

धोंडोपंतांनी सदूभाऊंना मध चाटवला आणि वाटेला लावलं.

डोहाच्या बरोबर मधोमध एका बुडालेल्या झाडाचा वाळका खुंट पाण्याबाहेर डोकावत होता. पुनव जवळ आली तेव्हा धोंडोपंत त्या खुंटापर्यंत जायला लागले. खुंटाला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. काठाला लागेपर्यंत सावली मगरबाईंच्या शेपटीला टेकायलाच आलेली असायची. यापेक्षा जास्त काही केल्या होईना. वेळच पुरत नव्हता.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी ते काठावर डोकं धरून बसले. पलीकडून हाक आली.

"अहो, उद्या येताय ना?"

"जमत नाही गं!" धोंडोपंतांचा आवाज रडवेला झाला होता. "अर्ध्यापर्यंतच होतं! खुंटाला हात लावतो आणि परत येतो, तेवढ्यात वेळ संपतो!"



"परत कशाला जाता?"

"म्हणजे?"

"खुंटापर्यंत येता, मग तिथून परत कशाला जाता? इकडे या की! तेवढंच आहे!"

धोंडोपंतांनी खुंटाकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. मग अलीकडे पाहिलं.

"अगं, पोहायला गेलं की परत यायचं असतं!"

"कोणी सांगितलं?"

"मंडळाचं तसं आहे! जाऊन आला तर तो पोहला, असं धरतात!"

"मंडळ जेवायला घालतं का तुम्हाला?"

 इतके दिवस रोज डोहाइतकं अंतर पोहून आपण आहोत तिथेच येत होतो, हे धोंडोपंतांच्या तेव्हा लक्षात आलं. तुम्ही हसताय, पण मंडळातल्या एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं, आणि विश्वंभरराव तर झाडावर बसायचे. तिथून सगळं दिसतं.

धोंडोपंतांनी त्या संध्याकाळी मेणाने तोंड बंद करून मधाचा भोपळा तयार केला आणि सुतळीने कमरेला बांधून पाहिला. इतक्यात सदूभाऊ आले. अंगावरचे सगळे काटे आनंदाने उभे होते.

"धोंडोपंत, उद्या मंडळाचं स्नेहसंमेलन. प्रार्थनेला हजर राहा, या वेळी तरी."

"उद्या कधी?"

"आपल्याच वेळेत. दुपारी. आणि प्रमुख पाहुण्या कोण, माहीत आहे? मगरबाई! हो म्हणाल्यात!"

धोंडोपंतांच्या हातातून भोपळा सुटला.

ते धावत करंजाच्या झाडाखाली गेले. "विश्वंभरराव, अहो हे काय? मगरबाई झोपलेल्या असतात, म्हणून तर ती आपली वेळ असते!"

"अगदी बरोबर," विश्वंभरराव म्हणाले. "त्यांच्या झोपेचं मंडळावर ऋण आहे. ते फेडायला नको? म्हणून तर त्यांचा सत्कार."

"पण सत्काराला त्या जाग्या असणार!"

"झोपलेल्याचा सत्कार करता येत नाही हो, धोंडोपंत. आम्ही त्यावर विचार केला होता."

झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी काठावरच्या वाळूवर व्यासपीठ मांडलं. मगरबाईंना खडकावरून सन्मानाने आणलं. त्यांच्या पाठीवर पळसाच्या पानांची शाल घातली. नारळाने ओटी भरायची होती, पण मगरबाईंना ओटी कुठली? शेवटी भेकरांनी तो नारळ अदबीने त्यांच्या तोंडात दिला. जंगलात नारळ कुठून आला, असं विचारू नका. सत्कार ठरला की नारळ येतो.

मगरबाई नारळ तोंडात धरून बसल्या. त्यांना तो फोडता येईना, कारण सभेत बरं दिसत नाही. आणि खाली ठेवता येईना, कारण मान दिलाय. पण त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि डोहावर फिरत होते.

मागच्या रांगेत कमरेला भोपळा बांधून धोंडोपंत बसले होते. पलीकडून सनईसारखं काहीतरी ऐकू यायला लागलं. बारशाची तयारी झाली होती. पाण्यात उतरावं, तर मगरबाई जाग्या. न उतरावं, तर नातवाला आजोबाच नाही, आणि विहीणबाईंना जन्मभराचा विषय.

मंचावर सदूभाऊ म्हणाले, "आता प्रमुख पाहुण्यांना निरोप देऊन..."

धोंडोपंत ताडकन उठले. असं कसं सुचलं, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही.

"माझी एक नम्र विनंती आहे," ते म्हणाले. "मंडळाच्या वाटचालीविषयी अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. पाहुण्यांना आपलं कार्य कळायला नको का?"

टाळ्या पडल्या. मगरबाईंनी वर उचललेली शेपटी खाली ठेवली. सभा चालू असताना प्रमुख पाहुणे उठून जात नाहीत. हा नियम त्या जंगलात वाघसुद्धा पाळायचा.

"खरं तर आज माझा बोलण्याचा विचार नव्हता," विश्वंभरराव म्हणाले आणि दोन फांद्या वर चढून नीट बसले. "पोहणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर आधी पाणी म्हणजे काय, हे पाहावं लागेल. पाण्याचे एकूण प्रकार..."

धोंडोपंत पाण्यात शिरले.

डोकं खाली, शिवी. डोकं बाहेर, श्वास. मागे भोपळा डुलत येत होता. कमळं आली, गेली. मगरबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि नारळावरून ओघळलं.

"म्म्म!" त्या नारळाआडून म्हणाल्या.

"बाईंनाही मुद्दा पटला!" विश्वंभरराव खूश झाले. "म्हणून तोच मुद्दा जरा विस्ताराने घेतो."

धोंडोपंत खुंटाशी आले. आणि तेवढ्यात विश्वंभररावांची नजर पाण्यावर गेली.

"सुदैवाने चुकीचं एक उत्तम उदाहरण समोरच आहे," ते म्हणाले. "सर्वांनी मागे वळून पाहावं. पाहा तो हात!"

सगळी सभा वळली. सशांनी पहिल्यांदाच कोणाचं तरी पोहणं इतकं निरखून पाहिलं होतं, त्यामुळे त्यांनाही लगेच चुका दिसायला लागल्या.

"कोपर! कोपर!"

"पाय बघा, पाय!"

"मान वर घ्या हो!"

इतका गलका झाला, की धोंडोपंतांनी काय झालं म्हणून मान वर केली. मान वर झाली, तसे पाय खाली गेले. नाकात पाणी शिरलं. भोपळ्याची सुतळी पायात अडकली. ते खोकले, आणखी पाणी गिळलं, धडपडून खुंटाला हात लावला. आणि हात लागल्याबरोबर काय झालं? रोजच्या सवयीने अंग आपोआप माघारी वळलं! ते अलीकडच्या काठाकडे, नारळ धरलेल्या मगरबाईंच्या दिशेने निघालेसुद्धा.

"अहो!" पलीकडून हाक आली. "अहो, इकडे! इकडे! तिकडे कोण आहे तुमचं?"

धोंडोपंत थबकले. खुंट परत धरला, सुतळी सोडवली. मग बायकोच्या आवाजाकडे तोंड केलं आणि दोन्ही कान पाण्याखाली घातले.

आता वाट नवी होती. इथे ते कधीच आले नव्हते. पाणी गार आणि काळं होतं, हात भरून आले होते. पण शिव्या पुष्कळ शिल्लक होत्या. त्यांनी अध्यक्षांपासून सुरुवात केली. अध्यक्ष संपले, कार्यवाह घेतले. कार्यवाह संपले, ससे घेतले, एकेक करून. मग भेकरं. मग तरस. मग ओंडक्यावर उभे राहिलेले हत्ती, आजीसकट. शिव्या देण्याजोगं आता कोणी उरलं नाही, असं वाटून ते घाबरले, तेवढ्यात त्यांना विहीणबाई आठवल्या. त्यांच्यावर ते काठापर्यंत आले.

इकडे मगरबाईंचा धीर सुटला. कडाड! नारळ फुटला. सभेला वाटलं, श्रीफळ वाढवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मगरबाईंनी शालीसकट पाण्यात झेप घेतली.

"बाई! बाई!" सदूभाऊ काठावरून केविलवाणे ओरडले. "अजून आभारप्रदर्शन राहिलंय!"

मगरबाई पाण्यात थांबल्या. पुढे अस्वलाचा ओला मागचा भाग दिसत होता. मागे सभा उभी होती. त्यांनी एकदा डोळे मिटले.

"नियम म्हणजे नियम," त्या पुटपुटल्या आणि व्यासपीठावर परत आल्या.

आभार सूर्य कलेपर्यंत चालले.

पलीकडे धोंडोपंत वाळूवर चढले आणि कोसळले. बायको धावत आली. तिने त्यांचं डोकं एका अंगाला कलतं केलं, कानावर चापट मारून पाणी काढलं. मग दुसरा कान.

"किती वाळलात हो," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसू लागली. त्यांचं की आपलं, ते नीट दिसलं नाही.

विहीणबाई गुहेच्या दारात आल्या.

"आलात? बरं झालं. पण अंग कोरडं करून मगच आत या. बाळाला सर्दी व्हायची."

इंदूने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. बाळाने मधाच्या भोपळ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि आधी आजोबांचं नाक धरलं. धोंडोपंतांना पोहल्याचं सार्थक झालं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? पण मंडळ होतं ना.

दुसऱ्या दिवशी प्रौढांच्या वेळेत अलीकडच्या काठावर पुन्हा सभा भरली. पलीकडे धोंडोपंत नातवाला खांद्यावर घेऊन उन्हात बसले होते. डोहावरून आवाज स्पष्ट येत होता.

"आज बोलताना कंठ दाटून येतो," विश्वंभरराव म्हणत होते. "आपले ज्येष्ठ सभासद धोंडोपंत काल पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. जाऊन आला, तर तो पोहला, असं आपण धरतो. धोंडोपंत आले नाहीत. म्हणजे काय झालं, ते मी वेगळं सांगायला नको."

ससे हुंदके द्यायला लागले.

धोंडोपंत उडी मारून उभे राहिले. "अहो विश्वंभरराव! मी इथे आहे! पोचलो मी!"

विश्वंभरराव फांदीवरून खाली कुजबुजले.

"सदूभाऊ, पलीकडून कोणीतरी ओरडतंय."

सदूभाऊंनी डोळ्यांवर पंजा धरून पाहिलं. "कैलासवासी धोंडोपंतच आहेत."

"त्यांना म्हणावं, शोकसभेत ज्यांची सभा आहे त्यांनी बोलायची पद्धत नाही."

प्रमुख पाहुण्या म्हणून मगरबाई आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहत होते. मगरीच्या अश्रूंबद्दल लोक काहीही बोलतात. पण हे अश्रू खरे होते. हातातोंडाशी आलेला असा जीव गेला, की कोणालाही रडू येईल.

"अहो, हे काय चाललंय?" पलीकडे बायको संतापली. "जरा जोरात ओरडा की!"

तेवढ्यात विश्वंभररावांचा आवाज भरून आला.

"काय तो हात होता!" ते म्हणाले. "या डोहाने असा हात पाहिला नाही, पुढे पाहणार नाही. मान कशी, तर पाण्यात. श्वास कसा, तर सोडलेला. मी त्यांना अनेकदा म्हणालो, धोंडोपंत, तुमच्यासारखं पोहणारं कोणी नाही. पण ते विनयाने कान पाण्याखाली घालायचे..."

"ओरडा ना!" बायको म्हणाली.

"शू!" धोंडोपंत खाली बसले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "थांब जरा. माझ्या हाताबद्दल बोलतायत."

आणि भाषण झाल्यावर सदूभाऊंनी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, तेव्हा पलीकडच्या काठावर धोंडोपंतही नातवाला कडेवर घेऊन, मान खाली घालून उभे राहिले.

तात्पर्य : वेळ थोडा असला तरी रोज नेमाने सराव करणारा एक ना एक दिवस पलीकडे पोचतो, असं तुम्हाला मोठी माणसं सांगतील. सांगू देत. पण मुलांनो, नुसतं पोचून कोणी चांगला पोहणारा होत नाही. आपला हात सुंदर होता, हे मंडळाच्या तोंडून ऐकायचं असेल, तर आधी व्यवस्थित बुडावं लागतं.